ईपीपीपीचा दुसरा पेपर द्यायचा की नाही? अमेरिकेत सायकॉलॉजिस्टचं लायसन्स काढणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी

"ताई, ते 2026 पासून दोन पेपर सक्तीचे होणार होते ना? मग आता मी एक देऊ की दोन?"

हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की एकदा नीट लिहून काढावं असं ठरवलं. विचारणारे बहुतेक जण पुण्यामुंबईत एम.ए. करून इकडे पीएच.डी. किंवा साय.डी.ला (प्रॅक्टिसवर भर देणारी डॉक्टरेट) आलेले, इंटर्नशिपच्या तोंडावर उभे असलेले. ईपीपीपी म्हणजे इथे सायकॉलॉजिस्टच्या लायसन्ससाठी द्यावी लागणारी परीक्षा, आणि 2026 पासून तिचे दोन्ही पेपर सक्तीचे होणार होते. एका वाक्यात उत्तर हवं असेल तर ती सक्ती स्थगित झाली आहे. पण "स्थगित झाली, म्हणजे मला एकच पेपर" असं गणित लगेच मांडू नका. तुम्ही लायसन्स कुठल्या राज्यात काढणार यावर सगळं ठरतं. आपण आधी परीक्षेची पुस्तकं घेतो आणि मग राज्याचे नियम वाचतो. मीही तेच केलं होतं. क्रम उलटा हवा.

आधी कोण काय देतं ते समजून घ्या

आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होण्याची वाट वेगळी आहे. रिहॅबिलिटेशन कौन्सिलची मान्यता असलेला अभ्यासक्रम पूर्ण केला की कौन्सिलच्या नोंदवहीत नाव चढतं, त्यासाठी वेगळी राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागत नाही. पदवी आणि परवाना असे जवळजवळ एकाच पाकिटात येतात. म्हणून इकडे आल्यावर डोक्यात गोंधळ होतो.

अमेरिकेत हे काम तीन ठिकाणी वाटलेलं आहे. तुमच्या अभ्यासक्रमाला मान्यता देते एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन. लायसन्स देतं राज्याचं बोर्ड. आणि परीक्षा, म्हणजे ईपीपीपी, ही एएसपीपीबी नावाच्या संघटनेच्या मालकीची आहे. अमेरिकेतली राज्यं आणि कॅनडातले प्रांत यांच्या बोर्डांची ही संघटना. वकिलांचं उदाहरण घ्या: एलएल.बी. विद्यापीठ देतं, सनद बार कौन्सिल देते आणि शिवाय ऑल इंडिया बार एक्झाम असते. फरक एवढाच की इथे प्रत्येक राज्याची 'बार कौन्सिल' आपापल्या मर्जीची मालकीण आहे. एएसपीपीबी परीक्षा तयार करू शकते, उत्तीर्ण होण्याची पातळी सुचवू शकते. ती कुणाला, कधी, किती वेळा द्यायची हे राज्याच्या नियमात लिहिलेलं असतं, आणि तोच नियम तुम्हाला लागू होतो.

बदल झाला तो काय

ईपीपीपी पहिल्यांदा घेतली गेली 1965 मध्ये. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं तो एकच पेपर होता: ज्ञानाचा, बहुपर्यायी. त्यावरचा जुना आक्षेप असा की हुशार विद्यार्थी तो पाठांतरावर काढू शकतो, समोर रडणाऱ्या माणसाशी त्याला बोलता येतं की नाही हे त्यातून कळत नाही. म्हणून 2016 मध्ये कौशल्यांचा दुसरा भाग आणायचं ठरलं आणि नोव्हेंबर 2020 पासून तो प्रत्यक्ष घेतला जाऊ लागला. जॉर्जिया, नेवाडा, ॲरिझोना, वॉशिंग्टन डीसी अशा काही बोर्डांनी तो लवकर स्वीकारला. पुढे एएसपीपीबीने जाहीर केलं की 1 जानेवारी 2026 पासून ईपीपीपी म्हणजे दोन्ही भाग.

यावर बरीच ओरड झाली. पहिल्या भागाची फी 600 डॉलर, दुसऱ्याची 450, शिवाय परीक्षा केंद्राचे पैसे वेगळे. स्टायपेंडवर जगणाऱ्या मुलांच्या दृष्टीने ही रक्कम थोडी नाही. दुसरा भाग पास झालेला माणूस खरंच अधिक चांगला थेरपिस्ट असतो याचा पुरावा कुठे आहे, असंही विचारलं गेलं. त्यात पहिल्याच भागात वंशांनुसार निकालात मोठी तफावत दिसत होती. न्यूयॉर्कच्या अर्जदारांवर झालेल्या एका अभ्यासात पहिल्याच प्रयत्नात नापास होणाऱ्यांचं प्रमाण गोऱ्या अर्जदारांत साधारण 14 टक्के, आशियाईंत 24, हिस्पॅनिकांत 36 आणि कृष्णवर्णीयांत 38 च्या आसपास होतं. अशा परीक्षेवर आणखी एक परीक्षा चढवायची का? टेक्सासचा विरोध सर्वांत तिखट होता, तिथे तर आपली स्वतःची परीक्षा काढण्याची भाषा झाली.

अखेर ऑक्टोबर 2024 मध्ये एएसपीपीबीने 2026 ची सक्ती थांबवली आणि दोन वेगळ्या भागांऐवजी ज्ञान व कौशल्य दोन्ही तपासणारी एकच परीक्षा तयार करण्याचा मार्ग धरला. आपल्याकडे एमबीबीएसच्या मुलांनी 'नेक्स्ट' परीक्षेचं येणार-येणार, पुढे ढकलली असं जे अनुभवलं, त्याच जातीचा हा प्रकार. आणि दोन्हीकडे नुकसान सारखंच झालं: "थांबू या, काय होतं ते पाहू" म्हणत वर्ष घालवणाऱ्यांचं. पहिला भाग आज बहुतेक सगळीकडे लागतोच. नवी परीक्षा येईपर्यंत थांबण्यात शहाणपण नाही, कारण नव्या परीक्षेच्या पहिल्या वर्षी ना धड सराव प्रश्न मिळतात, ना आधी देऊन आलेलं कुणी भेटतं.

पायरी 1: राज्य ठरवा आणि त्याचा नियम स्वतः वाचा

राज्य म्हणजे तुम्ही शिकता ते राज्य असं नाही. पोस्टडॉक (डॉक्टरेटनंतरचं सुपरव्हिजनखालचं काम) कुठे मिळण्याची शक्यता आहे, जोडीदाराची नोकरी कुठे आहे, याचा विचार करून दोन राज्यं निवडा आणि दोन्हींच्या बोर्डाच्या संकेतस्थळावर जाऊन पुढच्या प्रश्नांची उत्तरं एका कागदावर लिहून काढा.

- ईपीपीपीचा फक्त पहिला भाग लागतो की दुसराही? लवकर स्वीकारणाऱ्या राज्यांपैकी एखादं असेल तर स्थगितीनंतर नियम बदलला का?
- परीक्षा पदवी हातात पडण्याआधी देता येते का?
- सुपरव्हिजनखालचे किती तास लागतात, आणि त्यातले पदवीनंतरचे किती?
- राज्याच्या कायद्याची वेगळी परीक्षा आहे का?
- नापास झाल्यास किती प्रयत्न आणि कुठल्या अटी?

हे बोर्डाच्या पानावरूनच लिहा. व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारी फाईल कितीही नीटनेटकी असली तरी ती कुणीतरी दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्याच राज्यासाठी केलेली असते. शंका राहिली तर बोर्डाला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवर मिळालेलं उत्तर कितीही गोड असलं तरी पुढे ते दाखवता येत नाही.

दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा. कॅलिफोर्नियाने 2024 पासून कायदा बदलून डॉक्टरेटचे सगळे वर्ग पूर्ण झाल्यावर परीक्षा देण्याची मुभा दिली, म्हणजे प्रबंध किंवा इंटर्नशिप संपायची वाट पाहावी लागत नाही. जिथे अशी मुभा आहे तिथे ती घ्या. विशेषतः एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असाल तर नक्की घ्या. ओपीटीची, म्हणजे शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीची, बारा महिन्यांची मुदत सुरू झाली की त्यात पोस्टडॉकचे तासही बसवायचे असतात, नोकरीही शोधायची असते, आणि लायसन्स लागणाऱ्या पदावर एच-1बी मागायचा तर मालक पहिल्यांदा लायसन्सचंच विचारतो. परीक्षा आधीच उरकलेली असली की छातीवरचा एक धोंडा कमी.

पायरी 2: पदवी आणि तास

तुमचा अभ्यासक्रम एपीएमान्य असेल तर हा टप्पा सोपा आहे. नसेल, तर बोर्ड विषयवार तपासणी करतं आणि त्यात महिने जातात.

भारतातून थेट लायसन्स काढू पाहणाऱ्यांना मी आशेवर ठेवत नाही. 'सायकॉलॉजिस्ट' या शब्दासाठी बहुतेक राज्यांत डॉक्टरेट लागते. आपली एम.फिल. तिकडे कितीही दमवणारी असो, इथे ती डॉक्टरेटच्या जागी धरली जात नाही. टेक्सासमध्ये मास्टर्सवर सायकॉलॉजिकल असोसिएट होता येतं, पण ईपीपीपी तिथेही चुकत नाही. भारतातली पीएच.डी. असेल तर पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं, आणि खरी अडचण तिथे सुरू होते, कारण आपल्या पीएच.डी.त बऱ्याचदा फक्त संशोधन असतं, रुग्णांसोबतचे मोजलेले तास नसतात. असतील तर निघण्यापूर्वीच विभागाच्या शिक्क्यानिशी अभ्यासक्रमाची प्रत आणि तासांचं पत्र घ्या. गाईड निवृत्त झाले की ते पत्र मिळवणं म्हणजे तहसील कचेरीत सातबारा दुरुस्त करून घेण्यापेक्षा अवघड होऊन बसतं.

तासांची गरज राज्यागणिक बदलते. कॅलिफोर्नियात 3,000 तास लागतात आणि त्यातले निम्मे तरी डॉक्टरेटनंतरचे हवेत. सुपरवायझरची सही ती जागा सोडण्याच्या आठवड्यातच घ्या.

पायरी 3: अर्ज, आणि आपल्या नावाची भानगड

बहुतेक ठिकाणी क्रम असा: बोर्डाकडे अर्ज, बोर्डाची मंजुरी, मग एएसपीपीबीच्या ऑनलाइन खात्यात नोंदणी आणि फी, मग परीक्षेला बसायच्या परवानगीची ईमेल, आणि शेवटी पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रावर तारीख. परवानगीला मुदत असते. म्हणून फी भरण्यापूर्वी आपल्या गावाजवळच्या केंद्रात जागा कधी आहेत ते पाहून ठेवा.

आता नाव. मराठी माणसाचं नाव तीन मजली असतं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. कुणाच्या पासपोर्टवर पहिली दोन्ही 'दिलेलं नाव' या एकाच रकान्यात असतात, विद्यापीठ वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून लावतं, ड्रायव्हिंग लायसन्सवर ते गायब असतं, आणि लग्नानंतर बदललं असेल तर मधलं आणि शेवटचं दोन्ही वेगळी. केंद्रावर ओळखपत्रावरचं नाव नोंदणीशी जुळलं नाही तर आत सोडत नाहीत आणि फी बुडते. माझ्या नोंदणीत बाबांचं नाव माझ्या नावाला चिकटून एकच लांबलचक नाव तयार झालं होतं. ते सुटं करायला ईमेलींचे दोन आठवडे गेले. तेव्हा अर्ज भरण्याआधीच परीक्षेला कुठलं ओळखपत्र नेणार ते ठरवा आणि त्यावर जसं नाव आहे अगदी तसंच सगळीकडे लिहा. लग्न परीक्षेच्या आसपास असेल तर नाव बदलायची घाई परीक्षेनंतर करा.

अपंगत्व, एडीएचडी, आजार अशा कारणांसाठी सवलत हवी असेल, किंवा इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्यांना जादा वेळ देणारं बोर्ड असेल, तर ती मागणी याच टप्प्यावर करायची. तारीख घेतल्यावर आठवून उपयोग नाही. आपल्याकडे जादा वेळ मागण्यात उगाच कमीपणा वाटतो. तो सोडा.

पायरी 4: अभ्यास

पहिल्या भागात 225 प्रश्न आणि 4 तास 15 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटसुद्धा नाही. त्यातले 175 प्रश्न गुणांत धरतात. उरलेले 50 पुढच्या परीक्षांसाठी चाचपून पाहिलेले असतात, पण कोणते ते कळत नाही. गुण 200 ते 800 या मापात येतात आणि स्वतंत्र प्रॅक्टिससाठी सुचवलेली पातळी 500. हे 'आठशेपैकी पाचशे' नव्हे. ढोबळमानाने 70 टक्के उत्तरं बरोबर आली की माणूस तिथे पोचतो. चुकलेल्या उत्तराला उणे गुण नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

विषयांचं वजन असं आहे: मूल्यमापन व निदान 16 टक्के, नीती-कायदा-व्यवसाय 16, उपचार-प्रतिबंध-सुपरव्हिजन 15, बोधन व भावना 13, वाढ व विकास 12, सामाजिक-सांस्कृतिक 11, जैविक पाया 10, संशोधन व संख्याशास्त्र 7. आपली मुलं हमखास काय करतात? संख्याशास्त्रापासून सुरुवात, कारण तिथे हात बसलेला असतो. सात टक्क्यांसाठी महिना जातो. आणि नीतीचा विषय शेवटच्या आठवड्यासाठी ठेवतात, कारण "त्यात काय, कॉमन सेन्स आहे."

तो कॉमन सेन्स इथला नसतो, हीच खरी गोची. आपण वाढलो त्या घरात मुलीच्या सेशननंतर आई बाहेर थांबलेली असते आणि हक्काने विचारते, "काय म्हणाली ती?" बरा झालेला माणूस पेढ्यांचा पुडा घेऊन येतो आणि तो नाकारणं उद्धटपणा ठरतो. डॉक्टरांच्या ओळखीत लग्नं जमतात. पेपरात याच प्रसंगांवर प्रश्न असतात आणि चारपैकी दोन पर्याय आपल्या कानाला बरोबर वाटतात. उत्तर मात्र एपीएच्या नीतिसंहितेप्रमाणे द्यायचं: गोपनीयता कुणासाठी आणि कुठवर, भेटवस्तूचा उपचारावर काय परिणाम, माजी क्लायंटशी शारीरिक संबंधांवर किमान दोन वर्षांची बंदी आणि त्यानंतरही ते योग्य होतं हे सिद्ध करायची जबाबदारी सायकॉलॉजिस्टवरच. कॅलिफोर्नियातल्या टॅरासॉफ खटल्याचा 1976 चा निकालही नीट वाचा. समोरचा माणूस तिसऱ्याच्या जिवावर उठलाय असं दिसलं तर गोपनीयतेची भिंत कुठे संपते, याची सगळी चर्चा तिथून सुरू होते. मी पहिल्या प्रयत्नात कमी पडले त्यात याच विषयाचा मोठा वाटा होता.

दुसरा सापळा प्रश्नाच्या शेपटीत असतो. "सर्वांत आधी काय कराल" आणि "सर्वांत योग्य काय" हे वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यात बहुधा आधी माहिती घ्यायची असते, दुसऱ्यात निर्णय.

वेळेचा हिशोब: नोकरी किंवा इंटर्नशिप सांभाळून चार ते सहा महिने धरा. हजार-दीड हजार डॉलर घेणारे क्लास आहेत. मी एकाला पैसे भरले, आणि त्यांचे प्रश्न मूळ परीक्षेपेक्षा मुद्दाम अवघड व किचकट निघाले. तिथे 55 टक्के पडले की घाबरून माणूस क्लासची मुदत वाढवून घेतो. त्यांचा धंदा त्यावर चालतो असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे कमी असतील तर गेल्या वर्षी पास झालेल्या सीनियरकडून पुस्तकं घ्या आणि वाचलेल्या पैशांतून एएसपीपीबीची स्वतःची सराव परीक्षा द्या. खऱ्या प्रश्नांची चव तिथेच लागते. पण ती अगदी सुरुवातीला वाया घालवू नका, परीक्षेला सहा-सात आठवडे असताना द्या.

तुमच्या राज्याला दुसरा भागही हवा असेल तर तो पहिला पास झाल्यावरच देता येतो. वेळ तेवढाच, प्रश्न 170, त्यातले 130 गुणांचे. इथे प्रसंग देतात, चाचणीचे आकडे किंवा टिपणं समोर ठेवतात, एकाहून अधिक उत्तरं निवडायला किंवा क्रम लावायला सांगतात. जवळजवळ एक तृतीयांश भाग मूल्यमापन आणि उपचारांचा असतो. यासाठी वेगळं पुस्तक पाठ करण्यापेक्षा स्वतःच्या सुपरवायझरसोबत जुन्या केसेस घेऊन "इथे पुढचं पाऊल कोणतं आणि का" असं बोलत बसणं जास्त उपयोगाचं.

पायरी 5: परीक्षेचा दिवस

आदल्या आठवड्यात केंद्र पाहून या, कारण ही केंद्रं बहुधा एखाद्या ऑफिस पार्कमध्ये कोपऱ्यात असतात. फोन, घड्याळ, पाकीट लॉकरमध्ये जातं. मंगळसूत्र, बांगड्या, जाड कडं याबद्दल विचारतील, तेव्हा शक्य ते घरीच ठेवा. मधे उठून बाहेर जाता येतं पण घड्याळ थांबत नाही. मी 110 प्रश्नांनंतर पाच मिनिटं उठायचं असं आधीच ठरवलं होतं. दुसऱ्या वेळी त्याचा फार उपयोग झाला.

नापास झालात तर

एएसपीपीबीच्या धोरणानुसार बारा महिन्यांत चार प्रयत्न करता येतात आणि दोन प्रयत्नांमध्ये साठ दिवसांचं अंतर लागतं. काही राज्यं याहून कडक आहेत. फी प्रत्येक वेळी नव्याने. निकालात विषयवार कामगिरी कळते. तो कागद घेऊन बसा आणि फक्त खाली पडलेल्या तीन विषयांवर काम करा, पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. साठ दिवस त्याला पुरतात. आणि घरी फोनवर सांगायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मी आईला पास झाल्यावरच सांगितलं.

पास झाल्यावर काय उरतं

बऱ्याच राज्यांत राज्याच्या कायद्याची परीक्षा उरते. कॅलिफोर्नियात ती सीपीएलईई नावाने वेगळी केंद्रावर द्यावी लागते, टेक्सासमध्ये ऑनलाइन असते. ईपीपीपीनंतर डोकं गरम असतानाच ती देऊन टाका.

दुसऱ्या राज्यात गेलात तर परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही, एएसपीपीबीमार्फत गुण नव्या बोर्डाकडे पाठवता येतात. मात्र 500 हून कमी गुणांवर, सुपरव्हिजनखालच्या कामासाठी काही ठिकाणी चालणाऱ्या 450 च्या पातळीवर लायसन्स मिळालं असेल, तर ते दुसरीकडे चालेलच असं नाही.

व्हिडिओवर क्लायंट पाहायचे असतील तर सायपॅक्ट या आंतरराज्य कराराची माहिती काढा. चाळीसहून अधिक राज्यं त्यात आहेत. न्यूजर्सी आहे, पण न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया बाहेर आहेत. न्यूजर्सीतल्या एडिसनमध्ये बसून हडसनपलीकडच्या मॅनहॅटनमधल्या क्लायंटला थेरपी द्यायची तर न्यूयॉर्कचं लायसन्स वेगळं लागतं. क्लायंट त्या क्षणी कुठे बसलाय तेही धरलं जातं, फक्त तुम्ही कुठे आहात तेवढंच नव्हे. त्यामुळे सुट्टीला चार आठवडे पुण्याला गेलेल्या क्लायंटने "तिकडूनच सेशन करू या का?" असं विचारलं, तर होकार देण्याआधी आपल्या बोर्डाला आणि विमा कंपनीला लेखी विचारा. हा करार अमेरिकेच्या किनाऱ्याशी संपतो.